चौथी नोटीस

तिसऱ्या नोटिशीतही चूक सापडली, तेव्हा गर्देसरांनी लाल शाईचे पेन उघडले. ‘सीझ’ या इंग्रजी शब्दात ई आणि आय यांची अदलाबदल झाली होती. मुदतीत क्वार्टर रिकामे केले नाही तर सामान जप्त होईल, हे सांगणारा नेमका तोच शब्द. बाकी पान निर्दोष होते.

पहिल्यांदा ‘रिसीव्ह’ चुकला होता, दुसऱ्यांदा ‘सेपरेट’. दोन्ही वेळा सरांनी पान दुरुस्त करून परत पाठवले, आणि लाल खुणांचा कागद फायलीला लावायची लाज वाटून इस्टेट ऑफिसरने नवी नोटीस काढली. नवी नोटीस म्हणजे नवे पंधरा दिवस. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. फाल्गुनापर्यंत त्यांना जागचे हलवू नका, हलवलेत तर माझा इलाज संपला, असे डॉक्टरांनी बजावले होते. अजून पौषही सरला नव्हता.

कारखान्याच्या शाळेत सरांनी निवृत्तीपर्यंत तीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘आय पुढे, ई मागे, सी आली की ई आधी जागे’ ही त्यांची ओळ टाउनशिपमधल्या दोन पिढ्यांना पाठ होती. ओळ पाठ झाली की सर अपवाद घालत, आणि वर्गाची दाणादाण उडे. एकटा गोविंद कधी फसला नाही. त्याच्या वहीपुढे सरांचे लाल पेन उपाशी राही.

समासात त्यांनी नियम लिहिला, अपवाद लिहिला. तिथेच थांबायला हवे होते. पण जित्याची खोड. खाली आणखी एक ओळ उतरली: ‘आपल्या टंकलेखकास पुन्हा पाचवीत बसवावे.’

“आज जास्तच लाल केलंत, सरजी,” कागद घेताना शिपाई गोपीनाथ म्हणाला. “साहेब भडकतील.”

“भडकू देत. चूक ती चूक.”

एरवी उत्तराला आठवडा लागे. या वेळी ते तिसऱ्याच दिवशी आले. शेजारचे क्वार्टर नुकतेच रिकामे झाले होते. त्याच्या खिडकीचे एक दार वाऱ्यावर आपटत होते. सरांनी पान वाचले. पुन्हा वाचले. मग शेवटच्या शब्दापासून मागे मागे, एकेका अक्षरावर थांबत वाचले. पेन कागदावर अधांतरी राहिले.

“ही कोणी टाइप केली?”

“नवा आहे एक. जुन्याला हटवलं ना साहेबांनी. तुमची ओळ साऱ्या ऑफिससमोर वाचून दाखवली.” गोपीनाथने नजर खाली वळवली. “एक शब्द बोलला नाही बिचारा. तुमचाच विद्यार्थी, सरजी. आपला गोविंद.”

सरांना तिन्ही पाने आठवली. पानागणिक एकच चूक, आणि तीही त्यांनी स्वतः गिरवून घेतलेल्या शब्दांत. ते शब्द गोविंद झोपेतही चुकला नसता.

कारखान्याचा भोंगा वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला.

“अहो,” आतून सुशीलाबाईंचा क्षीण आवाज आला, “या वेळी किती चुका निघाल्या?”

सरांनी हातातल्या स्वच्छ कागदाकडे पाहिले.

“एकच,” ते म्हणाले, आणि पेनाचे टोपण शोधू लागले.