मोहाखालचा पळस

रंभाबाईंनी फ्रेमवरचा कागद फाडला नाही. नखानं चिकटपट्टी सोडवली, कागदाची नीट घडी करून बाजूला ठेवली आणि मगच फोटो पाहिला.

"माय वं! केवढा मोठा हाय!"

वैभव नंदनवार खूश झाला. आठवडाभर नागपूरच्या मिहान भागातल्या कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसायचं आणि शनिवार उजाडला की कॅमेरा गाडीत टाकून भिवापूरच्या पुढं जंगलाकडं सुटायचं, हा त्याचा सहा वर्षांचा नाद. मुक्काम ठरलेला, याच गावात, नत्थूजी आणि रंभाबाईंकडं. या घरची भाकर त्यानं हक्कानं खाल्ली होती. त्यामुळं नागपूरच्या प्रदर्शनात फोटोला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं, एक प्रत या भिंतीवर लागलीच पाहिजे.

फोटो होताही तसाच. खडकावर उभा पट्टेदार वाघ, नजर थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. मागं सगळं धूसर, आणि त्या धुरकटात वाघाच्या पाठीच्या बरोबर वर एक नारंगी झळाळ. परीक्षकांनी तर वाघापेक्षा त्या झळाळीचंच कौतुक जास्त केलं होतं.

"हे मांगं काय हाय, भाऊ?" रंभाबाईंनी विचारलं.

"पळस, मावशी. मार्चमधला फोटो आहे ना, फुललेला होता."

"कुठचा म्हणावं हा?" नत्थूजींनी मान पुढं केली.

वैभव नुसता हसला. वाघ दिसल्याची जागा फोटोवाले सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. सांगितली की दुसऱ्या दिवशी तिथं गाड्यांची जत्रा भरते. त्यानं ती या घरातही सांगितली नव्हती. त्या सकाळी तर तो चहालाही न थांबता परस्पर नागपूरला पळाला होता, कॅमेऱ्यातलं कार्ड कधी एकदा कॉम्प्युटरला लावतो असं झालं होतं त्याला.

रंभाबाईंनी वाघाच्या पायाखाली बोट ठेवलं. "तुमी कायले सांगता! हा आमचा गोटा नाही का, नाल्याजवळचा? ह्याच्यावर मी शिदोरी ठेवते. अन् मांगं आमचं मोहाचं झाड." त्यांनी बोट नारंगी झळाळीवर सरकवलं. "तिथं पळस नाही, भाऊ."

"असेल मावशी एखादा. जंगलच ते."

"एकही नाही."

त्यांचा आवाज बदलला होता. या गावात मोहाची झाडं घरागणिक वाटलेली आहेत. फुलं गळायच्या दिवसांत ज्याचं झाड त्यानंच खाली झाडून घ्यायचं आणि ज्याचं झाड त्यानंच वेचायचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल इथं कोणी पायानंही सरकवत नाही. हे वैभवला ठाऊक होतं. त्यावर त्यानं एका मासिकात फोटोंसकट दोन पानं लिहिलीही होती.

"माह्याबिगर त्या झाडाखाली कोणी जात नाही," रंभाबाई म्हणाल्या. "अन् यंदा मोहाले जातानी माहं लुगडं नारंगी होतं."

"नाही हो मावशी! थांबा, दाखवतोच तुम्हाला." वैभवनं पिशवीतून लॅपटॉप काढला. त्या सकाळचे सगळेच्या सगळे फोटो त्यात होते. एकदा पळस दाखवला की झालं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

त्यानं पहिला फोटो उघडला. झळाळ वाघाच्या शेपटीकडं होती, खाली, जमिनीलगत. पुढच्या फोटोत ती उंच झाली. त्याच्या पुढच्यात पुन्हा खाली वाकली. मग थोडी डावीकडं. हे सगळे फोटो त्यानं घरी बसून बाद केले होते, नारंगी रंग जागेवर नाही म्हणून. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपलाच हात हलला असेल.

"पळस सरकून राह्यला," नत्थूजी म्हणाले.

वैभवचं बोट कळीवर तसंच राहिलं.

"किती वेळ होता हा वाघ तिथं?" रंभाबाईंनी विचारलं.

वेळ प्रत्येक फोटोखाली होती. सहा बारा ते सहा तेवीस.

"अकरा मिनिटं."

"अन् तुमी?"

"मी... रस्त्यावर. गाडीत."

नत्थूजी रंभाबाईंकडं वळले. "अकरा मिन्टं! तू तिथंच होती वं?"

सात महिन्यांनंतर आत्ता, भर दुपारी, रंभाबाईंनी पदर अंगाभोवती गच्च ओढून घेतला. "पुढं करा," त्या म्हणाल्या.

वैभवनं कळ दाबली. वाघानं मान वळवली. पुढच्या फोटोत तो अर्धा फिरला. त्याच्या पुढच्यात त्याची नुसती पाठ होती, कान उभे, आणि समोर तीस-चाळीस पावलांवर ती नारंगी झळाळ, वाकलेली. त्यानंतर पडदा काळा झाला.

"पुढचे?"

"पुढचे नाहीत."

"काहून?"

"पाठ केली त्यानं." वैभवला आपलाच आवाज ओळखू येईना. "तोंड दिसत नसलं तर फोटो... मी गाडी काढली अन् निघून गेलो."

नत्थूजी त्याच्याकडं असे बघत होते, जणू हा माणूस या घरात पहिल्यांदाच आला आहे.

"मले दिसलंच नाही, मावशी," वैभव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आईशप्पथ, तुम्ही मले दिसल्याच नाही."

रंभाबाईंनी फ्रेम उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"वाघाले तं दिसली मी."