गवती चहाचा ठोंब

गंगुबाईंनी पात चुरगाळली, नाकाशी धरली. काहीच नाही. दुसरी तोडली. तीही तशीच.

"वा! काय घमघमाट सुटलाय, आई," चहा गाळता गाळता सून म्हणाली.

"घरभर," लेकाने, धनेशने, पेपरामागून री ओढली.

गंगुबाईंनी तीच पात पुन्हा हुंगली. म्हणजे आपलं नाकच गेलं. थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. आधी वास गेला, मग माणसांची नावं.

लालबागची चाळ सोडून या टॉवरात येताना बाकी सामान टेम्पोत चढलं. हा ठोंब मात्र त्यांनी मांडीवर घेऊन आणला होता. बाविसाव्या मजल्यावर तो चांगलाच माजला. हिरवागार, कमरेला लागेल एवढा. सून, कालिंदी, त्याला दोन्ही वेळा पाणी घालायची.

परवा गंगुबाईंनी गुपचूप हिंगाचा डबा हुंगला. आला, असं वाटलं. मग वाटलं, तो आठवणीतलाच असेल. फोडणीवर जावं, तर ती चिमणी वास आधीच ओढून नेते. विचारायचं तरी कुणाला? गॅसपाशी जायचं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. सुटला तर कळणार कसं? घरात सांगितलं, गुडघे दुखतात. सुनेने लगेच तेल आणून दिलं.

रविवारी चाळीतली जुनी शेजारीण मालन आली. कालिंदीने कौतुकाने कप पुढे ठेवला. "आईंचा गवती चहा घातलाय हां."

मालनने घोट घेतला. कपात डोकावून बघितलं.

"काय गो गंगू, हे काय? नुसतं गवत उकळलंय!"

कालिंदीने डोळे मोठे केले. धनेश खोकला. मालनला इशारे कधीच कळत नसत. ती गॅलरीत जाऊन एक पात चुरगाळून आली.

"वासाचा पत्ता नाय. चाळीत पत्र्यावर उन्हात करपायचा, पाणी कुणाला आठवलं तर. तेव्हा जिन्यापर्यंत वास यायचा. इथे समोरच्या टॉवरची सावली, वर दोनदा पाणी. लाडावलाय मेला. कशाला वासाचं तेल धरील पानात?"

"मग तुम्ही दोघं रोज..." गंगुबाईंनी लेकाकडे बघितलं.

धनेशने पेपर वर केला. कालिंदीचा चेहरा पडला. "एवढा जपून आणलात, आई. वास नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

गंगुबाई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी मालनचा हात घट्ट धरला.

"परत म्हण गो."

"काय?"

"तेच. गवत."

मालनने म्हटलं, जरा घाबरतच. गंगुबाई ताडकन उठल्या, सुनेला कोपराने बाजूला सारलं आणि गॅस पेटवला.

"ओत तो मोरीत. आल्याचा टाकते."