दुसरी खुर्ची

दुकानदाराने बेरीज दाखवली तशी शैलजाने यादी स्वतःकडे ओढली. लेकीने चार महिने खपून केलेली यादी होती ती. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड. शैलजाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दर महिन्याचा किराणा बजेटात बसवायची सवय होती. लेक पलीकडे मॉनिटर बघण्यात गुंगली होती.

सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'गेम कंट्रोलर, दोन'. खेळणार एकटी, मग दोन कशाला? शैलजाने एक कमी करायला लावला. बजेट बरोब्बर जमलं आणि ती स्वतःवरच खूश झाली.

घरी सगळं जोडून झाल्यावर ती लेकीच्या खोलीत डोकावली. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. दुसरी स्वयंपाकघरातली, शैलजाच्या दुखऱ्या कमरेसाठी उशी लावलेली.

"आई, दुसरा कंट्रोलर कुठाय?" रिकामं खोकं चाचपत लेकीने विचारलं.

"तुला एकटीला दोन कशाला, म्हणून एकच घेतला."

लेक क्षणभर खुर्चीकडे बघत राहिली. "बरोबर आहे तुझं."

"मी नुसती बघत बसते ना शेजारी," खुर्चीवरची उशी उचलून सारखी करत शैलजा घाईने म्हणाली.

"कंटाळशील गं." लेक खुर्ची उचलून स्वयंपाकघरात ठेवून आली. उशी तेवढी शैलजाच्या हातात राहिली.