पाच वाजेपर्यंत

"नाव मागे घेतोय मी," ट्रेमेन म्हणाला, आणि त्याच्या आईच्या हातातला झारा कढईवरच थांबला.

साडेचार वाजून गेले होते. व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी दिलेलं नाव मागे घ्यायची मुभा आज पाच वाजेपर्यंतच होती. नाव तसंच ठेवलं तर कॉलेजचा बास्केटबॉल संपला, परत यायची वाट नाही. ट्रेमेन वीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची निवड पहिल्या विसांत होणार, असं जाणते लोक छातीठोकपणे सांगत होते.

गावात दोन महिने दुसरा विषय नव्हता. अमेरिकेतल्या या इंडियाना राज्यात माणसाला एक वेळ स्वतःच्या मेव्हण्याचं नाव आठवणार नाही, पण गावच्या पोरानं कुठल्या सामन्यात किती बास्केट केल्या ते तोंडपाठ असतं. न्हावी म्हणे, जा, गुडघा काय विचारून मोडतो का? चर्चमधल्या बायका म्हणत, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, आधी डिग्री. कोच म्हणाले, आईला विचार. आणि बालवाडीपासून 'डिग्री, डिग्री' म्हणून त्याचं डोकं खात आलेली आई, व्हर्नेट, नेमकी याच दोन महिन्यांत गप्प होती.

तिच्या अंगावर अजून स्कूलबसच्या ड्रायव्हरचं जॅकेट होतं. घरी आलेल्या पोराशी काय बोलावं ते सुचलं नाही की ती मासे तळायला घ्यायची. तिनं गॅस बंद केला.

"का?"

"शिकायचंय."

"मला शेंडी लावू नकोस. अर्थशास्त्रात काठावर पास झालायस तू. खरं बोल."

ट्रेमेन टेबलावर सांडलेलं मीठ बोटानं गोळा करत राहिला. सहा फूट आठ इंचांचा देह, पण त्या खुर्चीत बसला की दहा वर्षांचाच वाटायचा.

"फेब्रुवारीत सीनियर नाइटला तू आली होतीस," तो म्हणाला.

दर हिवाळ्याचा रिवाज तो. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाचे खेळाडू आईचा हात धरून कोर्टाच्या मध्यापर्यंत चालत जातात. आईला फुलं मिळतात, सगळं स्टेडियम उभं राहतं. धाकट्या वर्षांची पोरं कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात.

"मी टाळ्या वाजवत तुझ्याकडे बघत होतो. बाकीच्या आया हसत होत्या, ममा. तू एकटी रडत होतीस."

"गर्दीत गुदमरायला होतं मला."

"आमच्या कॉलेजच्या जिमच्या बोळात जुन्या संघांचे फोटो आहेत. मुलींच्या संघांचेही. तीन वर्षांच्या फोटोंत तू आहेस, चौथ्यात नाहीस. आणि त्याच हिवाळ्यात माझा जन्म. अर्थशास्त्र येत नसलं तरी एवढं कळतं मला."

व्हर्नेट समोरची खुर्ची ओढून बसली. कॉलेजचा कंटाळा आला म्हणून सोडलं, असंच तिनं त्याला आजवर सांगितलं होतं. कंटाळा! त्या जिमच्या जमिनीवर बूट घासल्याचा आवाज तिला अजून बस चालवताना ऐकू यायचा.

"तुझं ते चालणं माझ्यामुळे हुकलं," ट्रेमेन म्हणाला. "अजून दोन वर्षं काढतो. मग तुझा हात धरून मध्यापर्यंत नेतो तुला. डिग्रीपण होईल. मोठे संघ कुठे पळून जातायत?"

"संघ नाही जात. गुडघा जातो," ती म्हणाली. "गाढवा, मला मध्ये न आणता सांग. तुला जायचंय की नाही?"

गोळा केलेलं मीठ त्यानं तळहातानं पुन्हा पसरून टाकलं. मग त्याचा आवाज चिरकला.

"खूप जायचंय. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच मनात येतं."

पाचला वीस मिनिटं कमी होती. व्हर्नेटला वाटलं, काही बोलूच नये. नुसतं गप्प बसलं तरी पोरगा राहील. आणखी दोन वर्षं दर रविवारी दारात त्याचे होडीएवढे बूट पडलेले असतील, फ्रिज रिकामा होत राहील. तिला ते इतकं हवंसं वाटलं की ती उठून सिंकची कडा घट्ट धरून उभी राहिली.

"नाव मागे घेऊ नकोस," ती त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली. "ऑगस्टपासून मीच जातेय. तुझ्याच कॉलेजात."

"कुठे?"

"राहिलेलं वर्ष पुरं करायला. मार्चमध्ये पत्र आलं. तुझं तू ठरवावंस, माझं त्यात काही येऊ नये, म्हणून बोलले नाही."

"आणि बस?"

"सकाळची फेरी झाली की वर्गात, वर्ग सुटला की दुपारची फेरी. वर्गातली पोरं मला ट्रेमेनची आई म्हणून हसतील. हसू देत."

ट्रेमेन तिच्या पाठीकडे बघत राहिला. सगळं त्याच्या डोक्यात मावत नव्हतं.

"मग बालवाडीपासून माझ्या मागे का लागली होतीस? डिग्री घे, डिग्री घे. मला तर ती कधी नकोच होती, ममा."

व्हर्नेट वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी तिनं ते लपवले नाहीत.

"मला हवी होती, ट्रे. मागायची लाज वाटायची, म्हणून तुझ्या नावावर मागत राहिले."