चारशे वाक्यं

"रेकॉर्डिंग सगळं नीट आहे ना गं?" फोनवर दादाने विचारलं, तशी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभी असलेली ती जवळजवळ खेकसलीच, "मग काय तर! सेव्ह केलंय. त्या तुझ्या पेनड्राइव्हवरच."

"त्या पेनड्राइव्हवर?" दादाने पुन्हा विचारलं. तो असं तेच पुन्हा विचारू लागला की काहीतरी बिघडलेलं असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

बाबा शेजारीच स्ट्रेचरवर होते. तासाभरात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. घशातली गाठ थांबायला तयार नव्हती. पुढे एक यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं, पण त्यासाठी आधी त्यांनी चारशे वाक्यं वाचून द्यायची होती. आणि नेमकी तेव्हाच लॅपटॉपमधल्या विंडोजने मान टाकली. म्हणून दादाने विंडोजऐवजी चालणारं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह पाठवला. तो लावला की लॅपटॉप त्याच्यावर चालायचा. तीन दिवस बाबांनी घसा खरवडून वाचलं. दार लाव. चहात साखर कमी आहे. माझा चष्मा कुठाय? चारशेवं झाल्यावर म्हणाले होते, "आता माझी कटकट काही बंद होत नाही बघ."

"ऐक," दादा म्हणाला. "त्या पेनड्राइव्हने मशीन नुसतं सुरू होतं. आपण केलेलं त्याच्यावर उतरत नाही. सगळं तात्पुरत्या मेमरीत राहतं आणि मशीन बंद झालं की पुसलं जातं. सांगायचंच राहिलं गं माझ्याकडून."

"हे आता सांगतोस?"

"तू बंद केलंयस का?"

"छे! परत सुरूच नाही झालं तर, या भीतीने तीन दिवस तसंच ठेवलंय. बॅटरी तर केव्हाच मेलीय, वायर लावूनच चालतंय. आत्ताही घरी चालूच आहे."

"मग काही गेलं नाही! शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे ना? मी निघालो. दुसरा पेनड्राइव्ह लावून सगळं उतरवून घेतो."

तिचा जीव भांड्यात पडला. भिंतीला टेकून तिने डोळे पुसले.

"चला, आत बोलावतायत," स्ट्रेचरवाले मामा म्हणाले.

बाबांनी तिचा हात धरला. "घरी काय चालू राहिलंय म्हणालीस?" आवाज पार चिरकलेला. "उगाच काळजी करतेस. निघताना तू गाडी बघायला खाली गेलीस ना, तेव्हा सगळी बटणं बंद केली मी. तुझ्या लॅपटॉपचंसुद्धा. बिचारा तीन दिवस नुसता तापत होता."

फोनमध्ये दादा "हॅलो, हॅलो" करत राहिला. मामांनी स्ट्रेचर ढकललं. दार दहा पावलांवर होतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कोणाला काय सांगणार? तिने दादाचा फोन कापला, रेकॉर्डर लावला आणि स्ट्रेचरबरोबर धावत फोन बाबांच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणालात, बाबा? पुन्हा म्हणा ना. एकदाच."

बाबा हसले.

"बहिरी झालीस का गं? बंद केलं म्हटलं सगळं."