हिरवे गुडघे

कपडे धुण्याचं यंत्र रिकामंच फिरत होतं. आपलं बोलणं सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून डेलियाने ते मुद्दाम लावलं होतं. कडेवरच्या नऊ महिन्यांच्या मार्ताला त्याची घरघर इतकी आवडली, की ती झाकणावर हात आपटून ताल धरत होती.

फोनवर घरांची दलाल शेरिल होती. तुम्ही मागितलेल्या घराला दुसरं गिऱ्हाईक आलंय, म्हणाली. रोख पैसेवालं. कोण ते बँक सांगत नाही. दोघांनी पाचच्या आत आपापला शेवटचा आकडा कळवायचा, मग बँक ठरवणार. पाचला दहा मिनिटं कमी होती.

त्या वर्षी मँटीका गावात कर्जं थकून प्रत्येक गल्लीत दोन-तीन घरं बँकेच्या ताब्यात होती. तरी डेलिया आणि तिचा नवरा गिल यांच्या तोंडची तीन घरं रोखवाल्यांनी पळवली होती. हे चौथं. याच गल्लीतलं, तीन दारं सोडून. बैठं, दोन खोल्यांचं, मागे लिंबोणीचं झाड. दीड वर्ष कुणी राहत नव्हतं, तरी ती लिंबोणी जगली, कारण सासूबाई रोज सकाळी तिला बादलीभर पाणी घालायच्या. झाडाने कुठं कर्ज बुडवलंय, म्हणायच्या.

पुढचं गवत मात्र वाळून काथ्या झालं होतं. सोमवारी बँकेने एक माणूस पाठवला. त्याने पाणीबिणी काही घातलं नाही. पाठीवरच्या पंपाने सगळ्या गवताला हिरवा रंग मारला आणि निघून गेला. लांबून बघावं तर आयर्लंड. डेलिया खिडकीला नाक लावून स्वयंपाकघर बघत होती, तेवढ्यात मार्ता त्या ओल्या आयर्लंडात रांगून आली. तीन आंघोळी झाल्या, तरी गुडघे हिरवेच. सासूबाईंना संशय नको म्हणून बिचारीला भर जुलैत लांब विजार.

कारण सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. इदालीना सिल्वेरा या बाईंच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. गिलची नोकरी गेली तेव्हा तो बायकोसह आईकडे राहायला आला, त्याला आता दोन वर्षं झाली. नवी नोकरी लागली, मार्ता झाली, पाळण्याने आणि खेळण्यांनी घर भरलं. आणि सासूबाई जिन्यावरून आडव्या आडव्या चालत, पायरीगणिक एक उसासा टाकत. प्रत्येक उसासा डेलियाने स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता. "माझ्याच घरात मला पाऊल टाकायला जागा नाही," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हापासून डेलियाला एकच ध्यास होता. आपलं घर घ्यायचं आणि या बाईला मोकळं करायचं.

तिने गिलला फोन लावला. गोदामातल्या गोंगाटात तो ओरडून म्हणाला, चार हजार चढव. आहेत का, तिने विचारलं. नाहीत, तो म्हणाला, आणि दोघंही वेड्यासारखी हसत सुटली. पाचला दोन कमी असताना आकडा गेला.

तीन दिवस डेलिया जमिनीपासून वीतभर वरून चालत होती. मनातल्या मनात तिने पडदेसुद्धा लावले. सासूबाईही कुठल्यातरी तंद्रीत होत्या. त्या आठवड्यात दोनदा चर्चला जायचे बूट घालून बाहेर पडल्या, आणि एरवी दारात काढायचे ते बूट पोटाशी धरून वर घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी शेरिलचा फोन आला. रोखवाल्याने नेलं.

डेलिया मार्ताला घेऊन धुण्याच्या खोलीतच खाली बसली. या खेपेला यंत्र लावायचंही तिला सुचलं नाही. दार उघडलं. दारात सासूबाई, नुकत्याच बाहेरून आलेल्या, पायांत तेच बूट. काय झालं, त्यांनी विचारलं, आणि डेलियाने सगळं ओकून टाकलं. तीन दारांपलीकडचं घर, चार हजार, तुमचे उसासे, आम्हाला तुमच्या वाटेतून बाजूला व्हायचं होतं, सगळं.

"त्या रोखवाल्याचे गुडघे जावोत," शेवटी ती नाक ओढत म्हणाली.

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्या स्टुलावर बसल्या आणि एक बूट काढून त्यांनी उलटा केला. तळ हिरवागार. डेलियाने बुटाकडे पाहिलं. मग मार्ताची विजार वर सारून तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तोच हिरवा.

सासूबाईंनी पर्समधून बँकेचा कागद काढून तिच्या मांडीवर टाकला. त्यावर नाव होतं, इदालीना सिल्वेरा.

"म्हणजे शेवटच्या घटकेला मला घाम फोडणारं गाढव तू होतीस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्याच्या गाई विकून राहिलेले सगळे पैसे ओतायला लावलेस की गं मला."

"पण आई, तुम्हाला दुसरं घर कशाला? हे एवढं मोठं आहे की."

"हे तुम्हाला. तिकडे जिना नाही." सासूबाई दोन्ही गुडघे धरून उठल्या आणि त्यांनी तोच उसासा टाकला. "तुझ्या रोखवाल्याचे गुडघे कधीच गेलेत, पोरी."