निरोगी गाव

सहा वर्षांच्या रुचीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन निर्मलाताईंनी यंत्रावर ठेवला आणि पडद्यावर आकडा उमटला. गावच्या आरोग्यसेविका म्हणून नऊ वर्षं त्या हे यंत्र घेऊन घरोघर फिरत होत्या. माणसाची मूत्रपिंडं कोणत्या वयात निकामी होतील, हे ते आधीच सांगायचं; धोका नसला तर आकडाच उमटत नसे. सरकारने शुद्ध पाण्याचं केंद्र दिल्यापासून गावात कुणाचाच आकडा उमटला नव्हता. म्हणूनच, आता इथे धोका उरला नाही असं ठरवून, चार महिन्यांपूर्वी सरकारनेच ते केंद्र उचलून नेलं. लोक पुन्हा मूत्रपिंडं बिघडवणारं बोअरचं पाणी पिऊ लागले.

“काय दाखवतंय, ताई?” रुचीच्या आईने, शेवंताने विचारलं.

“एकतीस.”

निर्मलाताईंनी तिथूनच तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात स्पीकरवर फोन लावला, आकडा सांगितला आणि केंद्र परत मागितलं. तिथले साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमचं काम उत्तमच होतं, बाई. पण निरोगी गावाला केंद्र देण्याची तरतूद नाही. रुग्ण निघाले की अर्ज करा.”

“तेव्हा काय उपयोग, साहेब?”

“नियम मी केलेले नाहीत,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

“मग अर्ज कधी करायचा?” शेवंताने विचारलं.

“रुची एकतीस वर्षांची झाली की.” निर्मलाताई म्हणाल्या.

शाळेची वेळ होत आली होती. शेवंताने उठून रुचीची बाटली बोअरच्या पाण्याने भरली. घरात दुसरं पाणी नव्हतं.